मागच्या सस्पेन्शनचे माउंट स्वतः बनवताना: पहिल्या खुणेपासून शेवटच्या नटापर्यंत

हाताने बनवलेलं मागचं सस्पेन्शन निकामी होतं तेव्हा बोल्ट तुटलेला क्वचितच सापडतो. जाडजूड ब्रॅकेटही बहुधा जसंच्या तसं असतं. फाटलेला असतो त्याच्या मागचा चॅसिसचा पत्रा. तडा सुरू होतो वेल्डच्या अगदी कडेला, जिथे जाड प्लेट संपते आणि पातळ पत्रा सुरू होतो. म्हणून या लेखात प्लेट किती जाड घ्यावी यापेक्षा तिच्यातून आलेला जोर पुढे कुठे जातो, याबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरणासाठी एक ठरावीक मांडणी धरतो: कमानपाट्यांवर बसलेला अखंड मागचा ॲक्सल, त्याचे पाटे काढून चार लिंक (ॲक्सल चॅसिसला जोडणारे नळीचे दांडे), दोन कॉइलओव्हर शॉक (ज्यांच्या अंगावरच स्प्रिंग असते असे) आणि एक पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आणि चॅसिस यांच्यातला आडवा दांडा). खालच्या दोन लिंक ॲक्सलला पुढे-मागे जागेवर धरतात, वरच्या दोन त्याला स्वतःभोवती फिरण्यापासून रोखतात, पॅनहार्ड रॉड डावी-उजवीकडे सरकू देत नाही, आणि शॉक फक्त वजन पेलतो. ही कामं अशी वेगळी असल्यामुळे प्रत्येक माउंटवर कोणत्या दिशेने किती जोर येईल हे आधी मांडता येतं. तुमची मांडणी वेगळी असली तरी विचाराची पद्धत हीच लागू पडते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच. सस्पेन्शन बदललेल्या गाडीला रस्त्यावर आणण्यासाठी तपासणी किंवा मंजुरी लागते का, हे धातू कापण्याआधी विचारून घ्या. आणि स्वतःच्या वेल्डिंगवर पूर्ण भरवसा नसेल, तर टॅक (ब्रॅकेट जागेवर धरणारे छोटे तात्पुरते टाके) मारेपर्यंतचं सगळं काम स्वतः करा आणि पूर्ण वेल्ड कसलेल्या वेल्डरकडून करून घ्या. मोजमाप आणि जुळवणीत जो वेळ जातो तोच या कामाचा मोठा हिस्सा आहे, त्यामुळे यात काही कमीपणा नाही.

गाडी स्थिर करा, मग मोजा

गाडी चार भक्कम स्टँडवर घ्या. स्टँड चॅसिसच्या रेलखाली ठेवा, ॲक्सलखाली नाही. ॲक्सल मोकळा राहायला हवा. आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना लेव्हल लावून पातळ पत्र्याच्या शिम घालत गाडी समपातळीत आणा. रस्त्यावर उभी असताना गाडीचं नाक थोडं खाली राहणार असेल, तर तोच कल आत्ताही ठेवा. पुढचे सगळे कोन त्यावर ठरतात.

आता मध्यरेषा. चॅसिसवरची डावी-उजवीकडे सारखी असणारी कारखान्यातली भोकं शोधा, पुढची एक जोडी आणि मागची एक जोडी. चारही भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. जोड्यांमधल्या अंतराचे मध्यबिंदू काढून त्यांतून दोरी ताणा. मग कर्ण मोजा: डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंत आणि उलट. फरक २ मिमीच्या आत असेल तर पुढे चला. ५-६ मिमी फरक आला, तर चॅसिस कधीतरी ठोकर खाऊन वाकलेली आहे. ती आधी सरळ करून घ्या. वाकड्या चॅसिसवर मोजून-मापून बसवलेलं ब्रॅकेटही वाकडंच असतं.

जमिनीवरची ही मध्यरेषा आणि तिला गुण्यात काढलेली मागच्या ॲक्सलची रेषा काम संपेपर्यंत पुसू देऊ नका. खडूऐवजी रंगाचा मार्कर वापरा.

उभी उंची आणि चाकाचा खेळ

जे टायर शेवटी लावायचे आहेत तेच आत्ता लावा. ॲक्सल त्या चाकांसकट गाडीखाली आणा आणि उंबऱ्याची (दाराखालची) पट्टी जमिनीपासून जितकी हवी तितकी येईल अशा उंचीवर टेकू द्या. ही झाली उभी उंची. यानंतरची प्रत्येक लिंक, प्रत्येक कोन याच स्थितीत मोजायचा.

इथून चाक वर किती जाईल आणि खाली किती, हे ठरवा. रस्त्यावरच्या गाडीला दोन्हीकडे ७५ मिमी मिळाले तर चांगलं, वर त्याहून थोडे जास्त मिळाले तर अजून चांगलं. ॲक्सल जॅकने पूर्ण वर उचलून पाहा: डिफरन्शियलचं हाउसिंग तळाला लागतं का, टायर चाकाच्या कमानीला घासतो का, सायलेन्सरचा पाइप आड येतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का. एका बाजूचं चाक वर आणि दुसरं खाली अशा तिरप्या स्थितीतही पाहा. टायर कमानीच्या आतल्या कडेला लागतो तो बहुधा याच वेळी.

भूमिती, एका गाडीच्या आकड्यांत

एक गाडी धरू: वजन १२०० किलो, व्हीलबेस २५०० मिमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमी वर, टायरची त्रिज्या ३०० मिमी. खालच्या लिंक जमिनीपासून २०० मिमीवर आणि जमिनीला समांतर. वरच्या लिंकचं ॲक्सलकडचं टोक ४०० मिमीवर, लांबी ४५० मिमी आणि पुढचं टोक ६० मिमी खाली, म्हणजे ३४० मिमीवर.

बाजूने पाहताना वरच्या आणि खालच्या लिंकच्या रेषा पुढे वाढवा. ४५० मिमीत ६० मिमी उतरणारी वरची रेषा १५०० मिमीत २०० मिमी उतरते, म्हणजे ॲक्सलच्या १५०० मिमी पुढे, २०० मिमी उंचीवर ती खालच्या रेषेला मिळते. हा तात्कालिक केंद्रबिंदू, म्हणजे त्या क्षणी ॲक्सल ज्याभोवती फिरतो तो बिंदू. टायर जमिनीला टेकतो तिथून या बिंदूपर्यंतचा चढ २०० भागिले १५००, म्हणजे ०.१३. गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस म्हणजे ०.२. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की अँटी-स्क्वॉट मिळतो: साधारण ६७ टक्के. गाडी जोरात सुटताना मागून किती बसेल हे यावरून कळतं. १०० टक्क्यांना ती बसतच नाही. रस्त्यावरच्या गाडीला ५० ते ८० टक्के ठीक, असं माझं मत. त्याहून फार वर गेलात तर जोरात ब्रेक लावताना मागची चाकं थडथडायला लागतात.

खालच्या लिंकचं पुढचं टोक मागच्यापेक्षा वर ठेवू नका. तसं केलं तर वळणावर बाहेरचं चाक दाबलं जाताना मागे सरकतं, आतलं पुढे येतं आणि ॲक्सल स्वतःच गाडीला आणखी आत वळवतो. वेगात हे धोक्याचं आहे. लिंक समांतर ठेवा, किंवा पुढचं टोक किंचित खाली.

पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या छोट्या शाफ्टचा) कोनही आत्ताच बसवायचा. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टचा कल आणि पिनियनचा कल एकमेकांना समांतर असावेत, आणि प्रोपेलर शाफ्ट दोघांशी सारखाच १ ते ३ अंशांचा कोन करावा. कोन शून्य असणंही चांगलं नाही, कारण मग क्रॉसमधल्या (शाफ्टच्या सांध्यातल्या) बेअरिंगच्या सुया एकाच जागी घासत राहतात. रबरी बुश (लिंकच्या टोकात, बोल्टभोवती बसणारी रबरी बाही) वापरणार असाल तर पिनियनचं नाक १-२ अंश खाली ठेवा. जोर आला की ते तेवढं वर येतं.

पॅनहार्ड रॉड जमेल तितका लांब आणि उभ्या उंचीला जमिनीशी समांतर ठेवा. ९०० मिमीचा रॉड ७५ मिमीच्या खेळात ॲक्सलला सुमारे ३ मिमी बाजूला सरकवतो, ६०० मिमीचा जवळजवळ ५ मिमी. रॉड तिरपा बसवला तर हा आकडा झपाट्याने वाढतो.

जोर किती येतो

ही पायरी गाळली जाते, आणि ब्रॅकेटची सगळी रचना हिच्यावरच उभी आहे. आपल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर सुटताना ६०० किलो भार धरू, आणि टायरची पकड भाराइतकीच. म्हणजे दोन्ही टायर मिळून गाडीला सुमारे ६००० न्यूटनने पुढे ढकलतात. हा जोर जमिनीलगत लागतो आणि लिंक आहेत वर, त्यामुळे ॲक्सल फिरू पाहतो. वरच्या लिंकच्या टोकाभोवती आघूर्ण (बल गुणिले अंतर) मांडा: ६००० गुणिले ४०० भागिले २००. खालच्या दोन लिंकवर मिळून १२,००० न्यूटन दाब येतो, टायरच्या जोराच्या दुप्पट. वरच्या दोन लिंकवर मिळून ६००० न्यूटन ताण येतो. ब्रेक लावला की दिशा उलटते. म्हणजे ही ब्रॅकेट आलटून पालटून ओढली आणि ढकलली जातात, आणि धातू थकतो तो अशा उलटसुलट भारानेच.

आता वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर २०० ऐवजी १०० मिमी करून पाहा, ॲक्सलच्या वर ५० आणि खाली ५०. खालचा जोर २१,००० न्यूटन होतो, वरचा १५,०००. टायर तोच, इंजिन तेच. जागा कमी पडते म्हणून हे अंतर कमी करायचा मोह होतो, पण त्याची किंमत प्रत्येक वेल्डला मोजावी लागते. १८० ते २०० मिमीच्या खाली मी जाणार नाही.

खड्डे आणि क्लचचा झटका यांसाठी या आकड्यांना ३ ने गुणा. खालच्या एका लिंकला ६००० न्यूटन, म्हणजे झटक्यात १८,००० न्यूटन. १०.९ ग्रेडचा (हा ताकदीचा वर्ग) एम१२, म्हणजे १२ मिमी व्यासाचा बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असेल तर तुटायला १,००,००० न्यूटनच्या आसपास लागतील. मग बोल्ट मोठा कशाला? तर पकडीसाठी. लिंकचा जोर बोल्टच्या अंगावर यायच्या आधी तो ब्रॅकेटचे कान (बोल्ट धरणाऱ्या दोन समोरासमोरच्या प्लेट) आणि बुशची आतली स्टीलची नळी यांच्यातल्या घर्षणाने पेलला जायला हवा. नीट आवळलेला एम१२ सुमारे ५२,००० न्यूटनने चिमटा घेतो, आणि दोन पृष्ठभागांवरचं घर्षण होतं साधारण १५,०००. हे १८,००० ला कमी पडतं. एम१४ घेतला तर चिमटा ७१,००० च्या आसपास जातो आणि घर्षण २१,००० च्या. म्हणून खालच्या लिंकला एम१४ घ्या. वरच्यांना एम१२ पुरतो.

घर्षण कमी पडलं की काय होतं ते एकदा जवळून पाहिलं की लक्षात राहतं. वॉशर काढल्यावर खाली तांबूस बारीक भुकटी असते, बोल्टच्या अंगावर एका बाजूला चकचकीत चट्टा, आणि भोक एका दिशेने किंचित लांबट झालेलं. कानाला टकटक ऐकू येण्याच्या बऱ्याच आधी हे सुरू झालेलं असतं.

साहित्य

ब्रॅकेटच्या कानांना ५ किंवा ६ मिमीची साधी माइल्ड स्टीलची प्लेट घ्या. अज्ञात भंगारातला तुकडा नको, आणि जुन्या कमानपाट्याचा तर मुळीच नको. त्या पोलादात कार्बन जास्त असतो आणि वेल्डच्या शेजारी ते ठिसूळ होऊन तडकतं. मागे लावायच्या पसरट प्लेटसाठी ३ मिमी. लिंकसाठी ३२ मिमी व्यासाची, ४ मिमी भिंतीची सीमलेस ट्यूब. ६०० मिमीची सरळ लिंक या जोराला वाकत नाही, पण मध्ये बाक दिलेली लिंक वाकू शकते. अडथळा चुकवायला लिंकला बाक देण्यापेक्षा अडथळा हलवा.

बुशबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण अनेक ब्रॅकेट बुशच्या निवडीमुळे फाटतात. गाडी वळणावर कलते तेव्हा प्रत्येक लिंकच्या टोकाला थोडी पिळवटण्याची मुभा लागते. सगळ्या आठही टोकांना कडक पॉलियुरेथेन लावलं तर ती मुभा मिळत नाही. सस्पेन्शन स्वतःशीच झगडतं आणि अडलेला जोर ब्रॅकेटला मुळापासून पिळतो. रस्त्यावरच्या गाडीला रबर उत्तम. कडकपणा हवाच असेल तर लिंकच्या एका टोकाला रबर किंवा पॉली आणि दुसऱ्या टोकाला गोलाकार जॉइंट लावा. दोन्ही टोकांना रॉड-एंड (आट्यांवर बसणारे असेच गोलाकार जॉइंट) लावले की हालचाल सगळ्यांत मोकळी मिळते, पण रस्त्याचा प्रत्येक खडा आत ऐकू येतो आणि धुळीत ते लवकर झिजतात.

पुठ्ठा, कापणी, भोकं

पहिलं ब्रॅकेट नेहमी जाड पुठ्ठ्याचं करा. ॲक्सल उभ्या उंचीला असताना पुठ्ठा जागेवर धरा, भोकाचा मध्य खुणवा, पाना आत जाईल का आणि बोल्ट बाहेर काढता येईल का ते पाहा. बोल्ट काढायला टाकी उतरवावी लागणार असेल तर आत्ताच दिशा बदला.

पुठ्ठ्यावरून प्लेटवर रेषा मारा, कापा, कडा ग्राइंडरने साफ करा. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट धातू राहायला हवा, मी दुप्पट ठेवतो. एम१४ ला २८ मिमी. कानांचे कोपरे गोल करा. तीक्ष्ण आतला कोपरा कुठेही सोडू नका, तडा तिथूनच निघतो.

जोडीचे दोन्ही कान एकमेकांवर ठेवून क्लॅम्पने आवळा आणि एकत्रच भोक पाडा. सेंटर पंच, मग ४ मिमीचं ड्रिल, मग ८, मग १३.५, आणि शेवटी १४ चा रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार). बोल्ट बोटाने दाबून आत जावा आणि आत गेल्यावर हलू नये. गॅसने किंवा प्लाझ्माने जाळून पाडलेलं भोक इथे चालत नाही. कड कडक आणि खडबडीत होते आणि माप हमखास वाढतं.

कानांमधलं अंतर बुशच्या आतल्या नळीच्या लांबीपेक्षा जेमतेम अर्धा मिमी जास्त ठेवा. २-३ मिमी जास्त ठेवलंत तर बोल्टचा निम्मा जोर ६ मिमीचे कान आत वाकवण्यातच खर्च होतो आणि नळीला चिमटा बसत नाही. वर मांडलेला सगळा हिशेब तिथे वाया जातो. नळी स्वतः बुशच्या रबरापेक्षा थोडी लांब हवी आणि जाड भिंतीची हवी.

चॅसिसकडची बाजू

आता मूळ मुद्द्यावर. ६ मिमीचा कान थेट २ मिमीच्या रेलला जोडला तर सगळा जोर कानाच्या जाडीइतक्या अरुंद पट्टीवर येतो, आणि ती पट्टी रेलच्या सपाट, डळमळत्या भिंतीच्या मधोमध असते. ढोलाच्या कातड्याच्या मध्यावर खुंटी ठोकण्यासारखं ते आहे. जोर रेलच्या कोपऱ्यांपर्यंत न्यायचा असतो. रेलची ताकद कोपऱ्यांत असते.

म्हणून आधी ३ मिमीची पसरट प्लेट. ती रेलच्या एकाच भिंतीवर न लावता कोपऱ्यावरून वळवून दोन भिंतींवर घ्या, शक्य असेल तर तीन. ब्रॅकेटच्या पायापेक्षा ती चारही बाजूंनी किमान ४०-५० मिमी मोठी असावी. टोकं चौकोनी कापू नका. लांबट पानासारखा किंवा हिऱ्यासारखा आकार द्या, म्हणजे रेलच्या लांबीला काटकोनात आडवी जाणारी वेल्डची सरळ रेषा कुठेच राहत नाही. रेल वाकताना तिच्या वरच्या आणि खालच्या भिंतीत सगळ्यांत जास्त ताण असतो, आणि आडवा वेल्ड तिथे फाटायची रेषा आखून देतो. प्लेटच्या मध्ये ८-१० मिमीची काही भोकं पाडून ती वेल्डने भरा, म्हणजे प्लेट कडेलाच नाही तर अंगभर चिकटते.

बोल्ट बंद पेटीसारख्या रेलमधून आरपार जाणार असेल तर आत नळी घालून ती दोन्ही भिंतींना वेल्ड करा. नळीशिवाय आवळलं की रेल चेपते आणि आवळण सैल पडतं.

मोनोकॉक गाडीत (जिच्यात वेगळी चॅसिस नसते) तळाचा पत्रा १ मिमीच्या आसपास असतो. त्याला एकट्याला कुठलंही सस्पेन्शन ब्रॅकेट लावू नका. लिंकचं पुढचं माउंट उंबऱ्याच्या पेटीला आणि सीटखालच्या आडव्या मेंबरला, अशा दोघांना बांधा. दोन्हीकडून जाणारी एक नवी चौकोनी ट्यूब टाकून तिच्यावर माउंट घेणं हा मला सगळ्यांत भरवशाचा मार्ग वाटतो.

पॅनहार्डचं चॅसिसकडचं ब्रॅकेट वेगळं पाहा. ते रेलपासून खाली लोंबतं आणि जोरदार वळणावर मागचा सगळा आडवा भार, आपल्या गाडीत ६००० न्यूटन, एकटं घेतं. २०० मिमी लोंबणाऱ्या ब्रॅकेटच्या मुळाशी १२०० न्यूटन-मीटरची मोड (वाकवणारं आघूर्ण) येते. कान जाड करून हे सुटत नाही. त्याच्या खालच्या टोकापासून समोरच्या रेलपर्यंत एक तिरपी ट्यूब टाका, म्हणजे मोडीचं रूपांतर सरळ ओढ-ढकलीत होतं. ही तिरपी ट्यूब अनेक तयार संचांतही नसते. ती घालाच.

शॉकच्या वरच्या टोकासाठी दोन रेलमध्ये आडवी ट्यूब लागते. एका बाजूला ३०० किलो उभा भार, खड्ड्यात तिप्पट, म्हणजे ९००० न्यूटन. ५० मिमी व्यासाच्या, ४ मिमी भिंतीच्या ट्यूबवर शॉकचं ब्रॅकेट रेलपासून १०० मिमीवर असेल तर ताण साधारण १४५ मेगापास्कल येतो. २०० मिमीवर सरकवलं तर २९०. साध्या स्टीलची सहनशक्ती २५० च्या आसपास असते, त्यामुळे तीच ट्यूब वाकते. शॉक रेलच्या जितका जवळ, तितकं उत्तम. आणि तो उभ्याकडे ठेवा: ३० अंश तिरपा केलात तर स्प्रिंगच्या ताकदीतली तीन चतुर्थांशच उरते, ४५ अंशाला निम्मी.

टॅक, आणि हालवून पाहणं

रंग, गंज, सीलर, प्लेटवरची काळी खपली सगळं चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. जस्ताचा थर असेल तर तोही, कारण त्याच्या धुराने ताप येतो. पुसायला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण वाळू द्या. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या जवळपासही आणू नका. आर्कच्या उजेडात त्याच्यापासून विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या गाडीतून बाहेर, बॅटरीची तार सुटी, अग्निशामक हाताशी.

खऱ्या बुशऐवजी त्याच लांबीचा स्टीलचा तुकडा कानांमध्ये ठेवून बोल्ट आवळा. रबर जळत नाही आणि वेल्डच्या ओढीने कान आत मिटत नाहीत. डाव्या-उजव्या ब्रॅकेटमधून शक्य तिथे एकच सरळ सळई आरपार घाला, म्हणजे दोन्ही एका रेषेत राहतात. प्रत्येक कानाला दोन-दोन छोटे टॅक, एवढंच.

आता सळई काढा, लिंक खऱ्या बुशसकट बसवा, शॉकच्या जागी उभ्या उंचीइतका पट्टीचा टेकू द्या आणि सगळं पुन्हा मोजा: दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, मध्यरेषेपासून दोन्ही चाकांचं अंतर, पुढच्या खुणांपासून ॲक्सलच्या टोकांपर्यंतचे कर्ण, पिनियनचा कोन. टेकू काढून ॲक्सल तळापासून माथ्यापर्यंत हालवा, मग एक बाजू वर आणि एक खाली करून. कुठे अडकतं, कुठे लिंक कानाला टेकते, ते हाताला जाणवतं. बंपस्टॉप (चाकाचा वरचा खेळ थांबवणारा रबरी ठोकळा) पूर्ण दाबला गेल्यावरही शॉकमध्ये १०-१५ मिमी खेळ शिल्लक हवा. शॉक तळाला आपटला तर तो जोर थेट त्याच्या ब्रॅकेटवर जातो.

टॅक कापून पुन्हा लावायला काही मिनिटं लागतात. पूर्ण वेल्ड कापायला अर्धा दिवस जातो आणि पत्राही खराब होतो. मनात शंका असेल तर टॅक कापा.

पूर्ण वेल्ड

मिग मशीन वापरत असाल तर प्लेटच्या दर मिमीला सुमारे ४० ॲम्पियर हा अंदाज धरा. ५ मिमीला २०० च्या आसपास. छोटं घरगुती मशीन तिथवर पोचत नसेल तर वरून वेल्ड सुंदर दिसतो आणि खाली धातू मिसळलेलाच नसतो. त्याच जाडीच्या तुकड्यांवर आधी नमुना करा, शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवा आणि कापून धातू आत किती खोल मिसळला ते पाहा. वेल्ड सुटून आला तर मशीन बदला किंवा काम दुसऱ्याकडे द्या. जाड आणि पातळ जोडताना आर्क जाड प्लेटवर रोखा आणि वितळलेला धातू पातळीकडे नेऊन आणा. जाड कानाची कड तिरपी घासून घेतली की वेल्ड खोल जातो.

२५-३० मिमीचे तुकडे करत, डावी-उजवीकडे आलटून पालटून वेल्ड करा. कानाच्या टोकाशी वेल्ड थांबवू नका, वळसा घालून पलीकडे न्या. सुरुवात आणि शेवट हेच कच्चे बिंदू असतात. स्टीलचा तुकडा पूर्ण वेल्डआधी कानांत पुन्हा आवळा आणि थंड होईपर्यंत काढू नका. पाणी ओतून थंड करू नका.

ॲक्सलच्या नळीला वेल्ड करणं सगळ्यांत नाजूक. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्या बाजूला ओढतो. सगळी ब्रॅकेट खाली असतील तर नळीची टोकं खाली वळतात आणि बेअरिंग व सील कायमचे तिरपे घासतात. तेल काढा, हाफ शाफ्ट, सील, बेअरिंग बाहेर घ्या. अर्थची क्लिप वेल्डच्या अगदी शेजारी, त्याच नळीवर लावा, म्हणजे करंट कुठल्याही बेअरिंगमधून जाणार नाही. छोटे टाके, एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे, हात ठेवता येईल इतकं थंड होऊ देत. सुरुवातीला आणि दर काही टाक्यांनी दोन्ही टोकांच्या फ्लँजमधलं अंतर समोरून, मागून, वरून, खालून मोजा. फरक दिसू लागला तर विरुद्ध बाजूचं वेल्ड आधी घ्या. मधलं हाउसिंग ओतीव लोखंडाचं असेल तर वरच्या लिंकचं ब्रॅकेट त्याला वेल्ड करू नका. ते काम आधी तापवून, वेगळ्या रॉडने, सावकाश थंड करत करावं लागतं. नळ्यांवर पूल बांधून त्यावर ब्रॅकेट घ्या.

सगळं थंड झाल्यावर तार ब्रशने साफ करा आणि डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून वेल्डच्या कडा तपासा. वेल्ड घासून गुळगुळीत करू नका. दिसायला बरं वाटतं, पण ताकदीचा धातू निघून जातो.

जोडणी आणि पहिले किलोमीटर

प्राइमर आणि रंगाचा एकच पातळ हात द्या, आणि जिथे नळी आणि कान एकमेकांना भिडतात तिथे रंग लावूच नका. रंग दबतो, झिजतो आणि नट सैल होतो. हलका रंग निवडा. करड्या किंवा पांढऱ्या रंगावर केसासारखा तडा आणि त्यातून ओघळलेला गंज लगेच दिसतो, काळ्यावर दिसत नाही.

बोल्ट असा घ्या की त्याचा आट्यांविना गुळगुळीत भाग दोन्ही कानांच्या आरपार जाईल. आटे भोकात आले तर ते कड खातात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) प्रत्येक वेळी नवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, उभ्या उंचीलाच शेवटचे आवळा. ॲक्सल लोंबता असताना आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. १०.९ ग्रेडच्या एम१२ ला सुमारे १२५ न्यूटन-मीटर आणि एम१४ ला २०० च्या आसपास, कोरड्या आट्यांवर. आवळल्यावर नट आणि कान यांच्यावर मार्करने एक सलग रेघ ओढा.

पहिल्यांदा मोकळ्या जागेत हळू चालवा, सुटा, ब्रेक लावा, दोन्हीकडे वळा. मग खाली वाकून रेघा पाहा. साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा, ५०० नंतर पुन्हा, आणि पुढे प्रत्येक तेल बदलाच्या वेळी. वेल्डच्या कडा टॉर्च तिरपा धरून पाहा, समोरून पाडलेल्या उजेडात बारीक तडा लपतो. एखाद्या नटाची रेघ सारखी सरकत असेल तर तो नुसता पुन्हा पुन्हा आवळू नका. बोल्ट काढा, नळीची लांबी आणि कानांमधलं अंतर मोजा, भोक लांबट झालंय का ते पाहा. भोक वाढलं असेल तर त्यावर जाड वॉशरसारखी प्लेट वेल्ड करून नव्याने रीम करा, आणि मगच गाडी पुन्हा बाहेर काढा.